एअर इंडियाने १११ विमानं घेतली, मग बिल कुणी भरलं? भंडारा ते मिहान, एका ऑर्डरची गोष्ट

भंडारा जिल्ह्यात विमानतळ नाही. विमान पकडायचं तर एकतर साठेक किलोमीटरवरचं नागपूर, नाहीतर गोंदियाजवळचं बिरसी. तरीही देशाच्या राष्ट्रीय विमान कंपनीच्या ताफ्याचा विषय निघाला की चर्चा फिरून फिरून याच जिल्ह्यावर येते. कारण एक नाव आणि एक आकडा. नाव प्रफुल्ल पटेल, आकडा १११.

१९९१, १९९६ आणि १९९८ अशा तीन निवडणुकांत तेव्हाच्या भंडारा मतदारसंघाने पटेलांना लोकसभेत पाठवलं. २००४ मध्ये याच भंडाऱ्यात भाजपच्या शिशुपाल पटलेंनी त्यांना जेमतेम तीन हजार मतांनी हरवलं. पण पटेल राज्यसभेचे सदस्य होते, केंद्रात यूपीएचं सरकार आलं आणि त्यांच्याकडे नागरी विमान वाहतूक खात्याचा स्वतंत्र कार्यभार गेला. जानेवारी २०११ पर्यंत ते खातं त्यांच्याकडेच होतं. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्यांनी मिळून १११ नव्या विमानांची ऑर्डर दिली ती याच काळात.

तेव्हापासून भंडारा-गोंदियात निवडणूक असो की देशात कुठे विमानाचा अपघात, फोनवर दोन प्रकारचे मेसेज फिरतात. एक म्हणतो, 'एअर इंडिया या एका ऑर्डरने बुडवली.' दुसरा म्हणतो, 'सीबीआयने फाइल बंद केली, विषय संपला.' दोन्ही मेसेज अर्धे आहेत. उरलेला अर्धा भाग समजून घ्यायचा तर ताफ्याचा हिशोब उघडून बघावा लागतो.

विमानं लागत होती का?

लागत होती. यावर फारसं कुणाचं दुमत नाही.

इंडियन एअरलाइन्सकडची ए-३२० विमानं १९८९ पासून यायला लागली होती. उपकंपनी अलायन्स एअर तर त्याहून जुनी बोइंग ७३७-२०० उडवत होती. एअर इंडियाचाही ताफा थकलेला होता आणि कमी पडत होता. एकेकाळी याच कंपनीने १९६० मध्ये बोइंग ७०७ आणून १९६२ मध्ये सगळा ताफा जेट विमानांचा केला होता, तेव्हा जगात हे कुणाला जमलेलं नव्हतं. १९९० नंतर मात्र नव्या विमानांचा प्रस्ताव म्हणजे फाइल, समिती, पुन्हा फाइल. दरम्यान जेट एअरवेजसारख्या खासगी कंपन्या नवी विमानं घेऊन बाजार खात होत्या.

म्हणजे खरा प्रश्न 'का घेतली' हा नाहीच. किती घेतली, कशी घेतली आणि कुणाच्या पैशाने घेतली, हे प्रश्न आहेत.

जानेवारी २००४ मध्ये एअर इंडियाचा प्रस्ताव होता २८ विमानांचा. सरकार बदललं, प्रस्तावाचा फेरविचार करायला सांगितलं गेलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत आकडा झाला ६८. काही महिन्यांत अडीच पट. पुढे कॅगने आपल्या अहवालात नेमकं यावर बोट ठेवलं. इतक्या कमी वेळात मागणीचा अंदाज एवढा कसा बदलला, याचं पटणारं उत्तर कॅगला मिळालं नाही.

ही ६८ विमानं बोइंगची. त्यात लांब पल्ल्याची ७७७-२००एलआर ८, ७७७-३००ईआर १५, ७८७ ड्रीमलायनर २७ आणि एअर इंडिया एक्सप्रेससाठी छोटी ७३७-८०० विमानं १८. इंडियन एअरलाइन्सची ऑर्डर वेगळी, ती एअरबसच्या ए-३१९, ए-३२० आणि ए-३२१ अशा ४३ विमानांची. बेरीज १११.

पैसे कुठून आले?

या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा १११ नाही. तो आहे १५४. खरेदीच्या वेळी एअर इंडियाचं भागभांडवल होतं सुमारे १५४ कोटी रुपये. म्हणजे मालक असलेल्या सरकारने कंपनीत स्वतःचे म्हणून घातलेले पैसे एवढेच. आणि बोइंगच्या ६८ विमानांची छापील किंमत होती ११ अब्ज डॉलरहून जास्त, त्या वेळच्या दराने जवळपास ५० हजार कोटी रुपये. छापील किंमत कुणीच देत नाही, मोठ्या ऑर्डरवर घसघशीत सूट मिळते. तरी ताळमेळ बघा. लाखनी-साकोलीकडच्या एखाद्या धान उत्पादकाने घरचे तीन हजार रुपये टाकून दहा लाखांचा ट्रॅक्टर उचलावा, असं हे प्रमाण आहे.

अशा शेतकऱ्याला बँक दारात उभं करणार नाही. एअर इंडियाला मात्र कर्ज मिळालं, कारण मागे भारत सरकार उभं होतं. बोइंगच्या विमानांसाठी अमेरिकेच्या एक्झिम बँकेनेही हमी दिली. आपल्या देशातल्या कारखान्याचा माल खपावा म्हणून हमी देणारी ही सरकारी बँक. डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीने तर यावरून कोर्ट गाठलं. तक्रार अशी की आमच्याच सरकारच्या हमीवर एअर इंडिया स्वस्तात विमानं घेते आणि आमच्याच मार्गांवर आमच्याशी स्पर्धा करते.

कर्ज स्वस्त असलं तरी ते कर्जच. विमान उडो न उडो, सीट भरो न भरो, हप्ता ठरलेल्या तारखेला जातो. रोवणीला पाऊस आला नाही म्हणून ट्रॅक्टरचा हप्ता थांबत नाही, तसंच. आणि पाऊस खरोखरच आला नाही. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं, पाठोपाठ जागतिक मंदी आली. मोठी विमानं दाखल होत होती नेमकी याच काळात.

मग इंडिगोचं कसं जमलं?

ऑर्डर मोठी होती म्हणून कंपनी बुडाली, असं म्हणणाऱ्यांनी जून २००५ कडे बघावं. पॅरिसच्या विमान प्रदर्शनात एका भारतीय कंपनीने एअरबसला १०० विमानांची ऑर्डर दिली. त्या दिवशी कंपनीकडे स्वतःचं एकही विमान नव्हतं. तिचं पहिलं उड्डाण झालं ऑगस्ट २००६ मध्ये. ती कंपनी म्हणजे इंडिगो, आज देशातली सगळ्यात मोठी.

फरक दोन गोष्टींत होता.

पहिली गोष्ट, इंडिगोने विमानं घेतली आणि भाडेकरार कंपन्यांना विकून त्यांच्याकडूनच भाड्याने परत घेतली. मोठ्या ऑर्डरमुळे विमान स्वस्तात पडायचं, विकताना वर पैसे सुटायचे आणि कर्जाचा डोंगर ताळेबंदावर बसायचा नाही. काही वर्षांनी जुनं विमान परत करायचं, नवं आणायचं.

दुसरी गोष्ट सरळ आहे, पण तिच्याकडे लक्ष कमी जातं. इंडिगोने पुढची कित्येक वर्षं एकाच जातीचं विमान ठेवलं. बोइंग ७७७ चा वैमानिक उद्या उठून एअरबस ए-३२० उडवू शकत नाही. त्याला वेगळं प्रशिक्षण, वेगळा परवाना लागतो. इंजिनिअर वेगळे, सुटे भाग वेगळे, गोदाम वेगळं. एसटीच्या एखाद्या आगारात चार कंपन्यांच्या बस असतील तर चार प्रकारचे स्पेअर पार्ट ठेवावे लागतात आणि हवा तो भाग नेमका नसतो. एअर इंडियाच्या ताफ्यात जुनी विमानं होतीच, त्यात ही नवी भर पडली.

त्यात ऑगस्ट २००७ मध्ये दोन्ही सरकारी कंपन्यांचं विलीनीकरण झालं. कागदावर एक कंपनी झाली, आत मात्र दोनच राहिल्या. पगार वेगळे, बढतीचे नियम वेगळे, आणि भांडण आलं ते थेट विमानावर. नव्या ड्रीमलायनरचं प्रशिक्षण कुणाला द्यायचं, जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांना की इंडियन एअरलाइन्सकडून आलेल्यांना? यावरून २०१२ मध्ये वैमानिकांचा संप झाला आणि तो ५८ दिवस चालला. ड्रीमलायनर तोवर भारतात पोचलेलंच नव्हतं. २००८ मध्ये यायचं ते विमान बोइंगच्याच उशिरामुळे सप्टेंबर २०१२ मध्ये आलं, आणि जानेवारी २०१३ मध्ये बॅटरीच्या दोषामुळे जगभरातली सगळी ड्रीमलायनर जमिनीवर बसवावी लागली.

दोहामार्गे अमेरिका

आता या हिशोबातली सगळ्यात न पटणारी बाजू.

लांब पल्ल्याची विमानं घेतली कशासाठी? भारतातून थेट अमेरिका-युरोपात प्रवासी न्यायला. पण त्याच वर्षांत आखाती देशांच्या कंपन्यांना भारतातून प्रवासी उचलायचे हक्क भराभर वाढवून दिले गेले. एकट्या दुबईसाठी २०१० पर्यंत हा आकडा आठवड्याला ५४,२०० जागांवर गेला. दुबईत काम करायला जाणारे एवढे नसतात. त्यातले बरेच प्रवासी तिथे फक्त विमान बदलतात आणि पुढे लंडन, न्यूयॉर्क, टोरांटोला जातात. म्हणजे एका हाताने थेट उड्डाणासाठी कर्ज काढून विमानं घेतली आणि दुसऱ्या हाताने त्याच विमानांचे प्रवासी वाटून टाकले.

प्रवाशाच्या बाजूने बघितलं तर आखाती कंपन्यांमुळे तिकीट स्वस्त झालं आणि छोट्या शहरांना परदेशाचा रस्ता मिळाला, हेही खरंच. नागपूरहून दोहाला जाणारं कतार एअरवेजचं विमान हे त्याचंच उदाहरण. तुमसर किंवा पवनीचा एखादा इंजिनिअर अमेरिकेला निघाला की मुंबई-दिल्ली टाळून त्याच विमानाने जाऊ शकतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न धोरणाचा आहे. एकाच मंत्रालयाने दोन्ही निर्णय एकाच वेळी घेतले, आणि हे दोन निर्णय एकमेकांना मारक होते.

परिणाम तोट्यात दिसला. २००७-०८ मध्ये विलीन कंपनीचा तोटा २,२२६ कोटी होता. पुढच्या वर्षी तो साडेपाच हजार कोटींवर गेला. २०११-१२ मध्ये साडेसात हजार कोटींच्याही पुढे. २०१२ मध्ये सरकारला टप्प्याटप्प्याने ३०,२३१ कोटी रुपये घालायची योजना मंजूर करावी लागली. जे भांडवल खरेदीआधी घालायला हवं होतं, ते असं बुडाल्यावर घातलं. ७७७-२००एलआर या आठ विमानांपैकी पाच तर काही वर्षांतच अबू धाबीच्या एतिहादला विकावी लागली. न थांबता अमेरिकेपर्यंत जाणारी ही विमानं एवढं इंधन पीत होती की मार्ग परवडेना.

चौकशीचं काय झालं?

सप्टेंबर २०११ मध्ये कॅगचा अहवाल संसदेत आला. एवढी खरेदी जवळपास पूर्णपणे कर्जावर करणं म्हणजे सुरुवातीपासूनच संकटाला आमंत्रण होतं, असा त्याचा सूर होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे २०१७ मध्ये सीबीआयने गुन्हे नोंदवले. त्यात १११ विमानांची खरेदी सुमारे ७० हजार कोटींची असल्याचं म्हटलं होतं. एक विषय होता खरेदीचा, दुसरा होता स्वतःची विमानं येत असतानाही बाहेरून भाड्याने घेतलेल्या विमानांचा. गुन्हे होते मंत्रालय आणि एअर इंडियाच्या अज्ञात अधिकाऱ्यांवर. आरोपी म्हणून पटेलांचं नाव त्यात नव्हतं. निर्णय एकट्याचा नव्हता, मंत्रिगट आणि मंत्रिमंडळाने मिळून घेतला, ही पटेलांची भूमिका कायम राहिली. कागदोपत्री ते बरोबर आहे. खरेदीची फाइल मंत्रिगटातून आणि मंत्रिमंडळातून गेलेली होती.

मार्च २०२४ मध्ये सीबीआयने क्लोजर रिपोर्ट दिला तो विमानं भाड्याने घेतल्याच्या प्रकरणात. त्याआधी जुलै २०२३ मध्ये पटेल अजित पवारांसोबत एनडीएत आले होते, त्यामुळे विरोधकांनी वेळेवर बोट ठेवलं. पण 'सीबीआयने सगळ्याच खरेदीला क्लीन चिट दिली' असा मेसेज पुढे ढकलण्याआधी हा रिपोर्ट नेमका कशाबद्दल होता, हे लक्षात असलेलं बरं.

आणि समजा गुन्हा कुठेच सिद्ध झाला नाही, तरी निर्णय चांगला होता असं त्यातून ठरत नाही. लाच घेतली गेली का, हे सीबीआय बघते. पैसा शहाणपणाने खर्च झाला का, हे कॅग बघतं. आपल्याकडे पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं की दुसरा प्रश्न विचारायचंच राहून जातं.

विमानं टाटांकडे, कर्ज कुणाकडे?

ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटा समूहाची १८ हजार कोटींची बोली मंजूर झाली आणि २७ जानेवारी २०२२ ला कंपनी त्यांच्या ताब्यात गेली. त्या वेळी एअर इंडियाकडे ११७ आणि एक्सप्रेसकडे २४ विमानं होती. ड्रीमलायनर २७ च्या २७ त्यात होती, उरलेली बोइंग ७७७ होती, एअरबसही होती. म्हणजे टाटांनी घेतलेल्या ताफ्याचा मोठा हिस्सा २००५-०६ च्या त्याच ऑर्डरचा.

१८ हजार कोटींपैकी रोख होते २,७०० कोटी. बाकी १५,३०० कोटींचं कर्ज टाटांनी अंगावर घेतलं. कंपनीवर एकूण कर्ज होतं ६१ हजार कोटींच्या वर. उरलेलं ४६ हजार कोटींहून जास्त कर्ज एका वेगळ्या सरकारी कंपनीत गेलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने पुरवणी मागणीतून त्या कंपनीसाठी ६२,०५७ कोटी रुपये काढले. त्यात कर्जाशिवाय इतर देणीही होती आणि सगळी काही विमान खरेदीची नव्हती. पण बिल हेच.

एक ढोबळ गणित करून बघू. १४० कोटी लोकांत ही रक्कम वाटली तर डोक्यावर ४४० रुपयांच्या आसपास येतात. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख होती. म्हणजे जिल्ह्याचा वाटा सुमारे ५३ कोटी. यातल्या बहुतेकांनी एअर इंडियाच्या विमानात कधी पाय ठेवला नसेल.

१२ जून २०२५ ला अहमदाबादला कोसळलेलं ड्रीमलायनर याच २७ पैकी एक होतं. त्या दुर्घटनेत २६० जणांचा जीव गेला. त्यानंतर 'यूपीएच्या खरेदीतलं विमान' अशा पोस्ट फिरल्या. ऑर्डर यूपीएच्या काळातलीच होती, पण तेवढ्यावरून दुर्घटनेचं कारण ठरत नाही. ते विमान २०१४ मध्ये ताफ्यात आलं होतं. प्राथमिक अहवालात उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा बंद झाल्याची नोंद आहे. खरेदीचा कागद कुणी सही केला, याचा त्याच्याशी संबंध जोडता येत नाही.

टाटांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची ऑर्डर जाहीर केली, डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १०० ची भर घातली. १११ च्या पाच पट. यावर तेव्हासारखा गदारोळ झाला नाही, कारण यावेळी ऑर्डर फसली तर भागधारकांचा खिसा फाटेल, पुरवणी मागणी मांडावी लागणार नाही. निदान तशी अपेक्षा आहे.

साठ किलोमीटरवर उरलेलं काय?

त्या ऑर्डरमधून विदर्भाला एक गोष्ट मात्र ठोस मिळाली. विमानं घेण्याच्या बदल्यात बोइंगने भारतात १० कोटी डॉलरचं दुरुस्ती केंद्र उभारून द्यायचं कबूल केलं होतं, आणि ते आलं नागपूरच्या मिहानमध्ये. ५० एकर जागा, ७७७ सारखं अजस्र विमान सहज मावेल असे दोन हँगर. रखडत रखडत ते २०१५ मध्ये सुरू झालं. भंडाऱ्याहून राष्ट्रीय महामार्गाने निघालं तर दीड-दोन तासांत तिथे पोचता येतं. विमान देखभालीचा कोर्स केलेल्या पूर्व विदर्भातल्या पोरांसाठी घराजवळचं हे मोठं ठिकाण.

बिरसीची गोष्ट वेगळी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ती धावपट्टी पटेलांच्या मंत्रिपदाच्या काळात वाढली, तिथे वैमानिक प्रशिक्षण संस्था आली. प्रवासी विमानाला मात्र मार्च २०२२ उजाडला. ती फ्लायबिगची सेवा थोड्याच काळात थांबली, मग डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबादसाठी इंडिगो आली. इंडिगोने तिथे आणलं ते सत्तर-ऐंशी जागांचं पंख्याचं एटीआर. १११ मधलं एकही विमान अशा मार्गासाठी घेतलेलं नव्हतं.

मिहानचं हे केंद्र टाटांच्या वाट्याला गेलं नाही. ते चालवणारी एआयईएसएल ही कंपनी विक्रीतून वेगळी काढून सरकारने स्वतःकडे ठेवली, पुढे विकायच्या यादीत. तिचा मोठा ग्राहक अर्थातच एअर इंडिया. आणि एअर इंडियाने २०२४ मध्ये बंगळुरूला ३५ एकरांवर स्वतःच्या दुरुस्ती केंद्राचं भूमिपूजन केलं आहे. मिहानमध्येच शेजारी असलेल्या इंदमेरच्या केंद्रावर २०२५ मध्ये अदानी समूहाने हात ठेवला. २७ मधली उरलेली २६ ड्रीमलायनर आणि जुनी ७७७ आता वयाने मोठी होत जातील, त्यांना देखभाल जास्त लागेल. ती देखभाल नागपूरला होणार की बंगळुरूला, आणि एआयईएसएलचा नवा मालक कोण, यावर मिहानमधल्या नोकऱ्या ठरतील.